शिरोडकरांचा टाका

पवईतल्या एका परिचित कुटुंबातील काही वर्षांपूर्वीची गोष्ट. घरातली सून चौथ्या महिन्यात दोन दिवस रुग्णालयात राहून परतली. सोबतच्या कागदावर इतर तपशिलांच्या गर्दीत ‘शिरोडकर’ असा एक शब्द होता. ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचे आडनाव असावे असे घरच्यांनी गृहीत धरले आणि पुढच्या तपासणीच्या दिवशी सासूबाईंनी खिडकीवर डॉ. शिरोडकरांची वेळ मागितली. ती मिळणे शक्य नव्हते. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १९७१ मध्येच निवर्तले. कागदावरचे नाव डॉक्टरांचे नव्हते, शस्त्रक्रियेचे होते.

हा घोटाळा हसण्यावारी गेला. पण त्या सासूबाईंना हसण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. स्त्रीरोगशास्त्राच्या जगभरातील पाठ्यपुस्तकांत जे नाव विशेषणासारखे वापरले जाते, तो माणूस भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात काम करत होता, हे मुंबईकरांना क्वचितच ठाऊक असते.

शिरोडकरांनी नेमके काय केले हे समजून घ्यायचे, तर अपुऱ्या दिवसांच्या बाळांपासून सुरुवात करावी लागते. पवई, अंधेरी, मुलुंडसारख्या उपनगरांतल्या मोठ्या रुग्णालयांत आता नवजात अतिदक्षता विभाग असतात. बाळ पेटीत ठेवले आहे असे कोणी सांगितले, की ऐकणाऱ्याला अधिक विचारावे लागत नाही. तळहातावर मावेल असे मूल, नाकातली नळी, काचेपलीकडे ताटकळलेला बाप. या पेटीचा इतिहास रंजक आहे. पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्टेफान तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच ऊब मानवी बाळांना देण्यासाठी १८८० मध्ये आपल्या रुग्णालयात पेट्या बसवल्या. उबेचा प्रश्न सुटत गेला, तशी बाळाच्या अंथरुणाकडे नजर वळली. गर्भाशयात मूल पाण्यात तरंगत असते आणि आईच्या प्रत्येक श्वासासरशी, प्रत्येक पावलासरशी हलत असते. पेटीत मात्र ते कठीण, निश्चल गादीवर पडून राहते. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात ॲनलीझ कॉर्नर यांनी सत्तरच्या दशकात अशा बाळांना पाण्याने भरलेल्या गादीवर ठेवून पाहिले. गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत विश्रांती घेणाऱ्या आईचा श्वास ज्या संथ लयीत चालतो, त्याच लयीत ही गादी हलके हलवण्याची सोय होती. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या निष्कर्षांत या बाळांचा श्वास मध्येच थांबण्याचे प्रकार कमी झाल्याचे दिसले. पुढच्या पडताळण्यांत मात्र हा लाभ तितकासा ठाम ठरला नाही.

पाण्याची गादी तशी जुनी. लंडनमधील डॉ. नील अर्नॉट यांनी १८३२ मध्ये पहिली जलशय्या तयार केली. पाण्याने भरलेल्या पन्हळीवर रबराचे जलरोधक कापड ताणून बसवायचे आणि त्यावर अंथरूण घालायचे, अशी ती रचना होती. तिचे पेटंट घेण्याचे त्यांनी टाळले. ही शय्या ज्या रुग्णेसाठी प्रथम बनवली गेली, ती अकाली प्रसूतीत मृत मूल जन्मल्यानंतर दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा झालेली एक स्त्री होती.

तार्निए, अर्नॉट, कॉर्नर या सगळ्यांचे प्रयत्न प्रसूतीनंतर सुरू होतात. जे आत होते ते बाहेर कसे उभारायचे, हा त्यांचा प्रश्न. शिरोडकरांनी प्रश्नच अलीकडे आणला. मूल ज्या मूळच्या पाण्यात आहे, त्यातच त्याला आणखी काही आठवडे राहू देता येईल का, हा त्यांचा विचार होता.

विठ्ठल शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडे या गावी झाला. आडनाव गावावरूनच पडलेले. (मिठाच्या सत्याग्रहाने गाजलेले वेंगुर्ल्याजवळचे शिरोडे निराळे. हे फोंडा तालुक्यातले, जुवारी नदीच्या बाजूचे, कामाक्षीच्या देवळाचे शिरोडे.) गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. पण त्या काळच्या अनेक गोमंतकीय तरुणांप्रमाणे शिरोडकरांची वाट मुंबईकडे वळली. येथील ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि १९२७ मध्ये प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात एम. डी. केले. त्यानंतर ते इंग्लंडला गेले आणि १९३१ मध्ये एफ. आर. सी. एस. होऊन परतले.

या शेवटच्या पदवीकडे चरित्र सांगताना बहुधा भरभर पुढे जाण्याचा प्रघात आहे. पण तीत एक खूण दडलेली आहे. ब्रिटनमध्ये प्रसूतितज्ज्ञांची स्वतंत्र संस्था १९२९ मध्ये नुकतीच स्थापन झाली होती. शिरोडकरांनी मिळवली ती फेलोशिप शल्यचिकित्सकांची होती. पुढील आयुष्यात त्यांनी स्त्रियांच्या ज्या ज्या व्याधींना हात घातला, त्यांकडे ते शल्यचिकित्सकाच्या नजरेने पाहत राहिले. कोणता भाग सैल झाला आहे, कोणता आधार सुटला आहे, तो पुन्हा कशाने बांधता येईल, ही त्यांची विचार करण्याची रीत होती.

मुंबईत परतल्यावर ते जे. जे. रुग्णालयात मानद शल्यचिकित्सक झाले आणि १९४० च्या दशकात ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूती व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक म्हणून शिकवू लागले. मानद या शब्दाचा अर्थ आजच्या वाचकाला सांगायला हवा. सकाळचा वेळ सार्वजनिक रुग्णालयाला द्यायचा आणि उपजीविका खासगी व्यवसायावर करायची, अशी ती पद्धत होती. त्यामुळे अशा डॉक्टरांच्या हाताखालून गिरणगावातली कामगार स्त्री आणि मलबार हिलवरची शेठाणी अशा दोघीही जात.

या दोघींत एक दुःख समान असे. गर्भ राहत असे, पहिले तीन महिने सुरळीत जात असत आणि मग चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान, फारशा कळाही न येता, सारे संपून जात असे. एकदा नव्हे, लागोपाठ. आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात. या बायकांच्या वाट्याला हिरवी साडी आणि फुलांची वाडी कधी येतच नसे. त्याऐवजी येत ती कुजबूज, अंगारे, नवस आणि कित्येकींच्या बाबतीत नवऱ्याचे दुसरे लग्न. मूल न टिकणाऱ्या स्त्रीला आपल्या भाषेत जे शब्द आहेत, ते येथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. दोष तिचाच, एवढे त्या शब्दांनी ठरवून टाकलेले असे.

वैद्यकशास्त्राजवळही तेव्हा फारसे काही नव्हते. पलंगावर पडून राहा, पायथ्याची बाजू उंच करा, संप्रेरकांच्या सुया घ्या, इतकेच उपाय होते. अमेरिकेत अशा स्त्रियांना डाएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे कृत्रिम संप्रेरक सर्रास दिले जात होते. त्याने गर्भपात टळत नव्हते. उलट, ते औषध गर्भात असताना ज्या मुलींपर्यंत पोहोचले, त्यांच्यापैकी काहींना तरुणपणी योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचे १९७१ मध्ये उघडकीस आले. या मुलींमध्ये गर्भाशयमुखाचे दोष आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीही अधिक आढळल्या. मातांना जे टाळण्यासाठी औषध दिले गेले, तेच लेकींच्या वाट्याला आले.

शिरोडकरांनी रक्तातल्या संप्रेरकांऐवजी गर्भाशयाच्या दाराकडे लक्ष दिले. गर्भाशयाचे मुख म्हणजे पिशवीचे तोंड. गर्भारपणात ते लांब, घट्ट आणि बंद राहायला हवे. दिवस भरल्यावरच ते मऊ होऊन उघडायला हवे. काही स्त्रियांत हे तोंड, विशेषतः त्याची आतली कडी, जन्मतःच कमकुवत असते. काहींत आधीच्या अवघड बाळंतपणात किंवा पिशवी साफ करताना ती दुखावलेली असते. पाणी आणि मूल यांचे वजन वाढू लागले, की हे तोंड निमूटपणे उघडते. पाण्याची पिशवी खाली डोकावते, फुटते आणि मूल जगण्याजोगे होण्याआधीच बाहेर येते. मूल निरोगी असते, आई निरोगी असते, फक्त दार टिकत नाही.

ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. सतराव्या शतकातल्या एका इंग्रजी वैद्यकग्रंथातही गर्भाशयाच्या सैल मुखाचा उल्लेख सापडतो. अमेरिकेतील लॅश आणि लॅश यांनी १९५० मध्ये त्यावर शस्त्रक्रियाही सुचवली होती. ती मात्र गर्भ नसताना करायची, मुखाचा सैल भाग पाचरीसारखा कापून काढायचा आणि जखम शिवायची, अशी होती. त्यात एक अडचण अशी, की काही स्त्रियांना पुढे गर्भच राहत नसे.

शिरोडकरांनी उचललेले पाऊल यापेक्षा धाडसाचे होते. शस्त्रक्रिया त्यांनी गर्भारपणातच करायची ठरवली. आज आपण सोनोग्राफीच्या पडद्यावर गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरांत मोजतो. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा गर्भाच्या ध्वनिचित्रणावरील पहिला महत्त्वाचा लेख १९५८ मध्ये आला. म्हणजे शिरोडकर हे काम करत होते तेव्हा पडदा नव्हताच. पुन्हा पुन्हा तपासून, बोटाच्या स्पर्शाने दाराची कडी सैल होते आहे की नाही ते ओळखायचे आणि त्या एका स्पर्शावर गर्भवतीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायचे. गर्भवतीच्या गर्भाशयाला हात लावला की ते आकुंचन पावू लागेल आणि जे टाळायचे तेच घडेल, ही भीती रास्त होती. म्हणूनच त्यांनी आरंभी निवडल्या त्या चार-चार वेळा, काहींनी त्याहूनही अधिक वेळा गर्भ गमावलेल्या स्त्रिया. त्यांच्याजवळ गमावण्यासारखे फारसे उरलेले नव्हते.

शस्त्रक्रियेची कल्पना बटव्याच्या दोरीसारखी सोपी आहे. प्रत्यक्ष कृती मात्र सोपी नाही. दोरी कशाची करायची, हा पहिला प्रश्न. परका धागा शरीर स्वीकारील का, तो ऊतींना कापीत जाणार नाही ना, याची शंका होती. शिरोडकरांनी रुग्णेच्याच मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूंवर असणाऱ्या चिवट, पांढऱ्या आवरणाची अरुंद पट्टी काढून घेतली. मग गर्भाशयमुखाच्या पुढच्या बाजूला लहान छेद घेऊन मूत्राशय हलकेच वर सारायचे, मागे दुसरा छेद घ्यायचा, खास बनवलेल्या वाकड्या, बोथट सुईने ती पट्टी आतल्या त्वचेखालून दोन्ही बाजूंनी फिरवून आणायची आणि दाराच्या आतल्या कडीच्या पातळीवर आवळून शिवून टाकायची. किती आवळायची, याला माप नाही. सैल राहिली तर उपयोग नाही, अति घट्ट झाली तर रक्तपुरवठा तुटेल. वरून त्वचा पुन्हा शिवली की पट्टी पूर्ण झाकली जाते. पुढे मांडीच्या पट्टीऐवजी कृत्रिम धाग्याची विणलेली फीत वापरात आली आणि रुग्णेची मांडीवरची जखम वाचली.

आपली पद्धत शिरोडकरांनी १९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात मांडली. लंडन किंवा न्यूयॉर्कमधल्या एखाद्या बड्या नियतकालिकाचा आधार तिला नव्हता. तरीही ती काही वर्षांतच समुद्रापार पोहोचली आणि लेखकाचे नाव शस्त्रक्रियेला चिकटले. वसाहतीच्या काळात पाश्चात्त्य संशोधकांची नावे आपण पाठ करत आलो. प्रवाह उलट वाहिल्याची जी मोजकी उदाहरणे आहेत, त्यांत हे ठळक मानावे लागेल.

दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड यांनी याच तत्त्वावर सोपी पद्धत सुचवली. कुठेही छेद न घेता गर्भाशयमुखाभोवती बाहेरूनच टाके घालीत धागा फिरवायचा आणि गाठ मारायची. ती शिकायला सोपी, करायला झटपट आणि काढायला त्याहून सोपी असल्याने जगभर अधिक रूढ झाली. शिरोडकरांची पद्धत धागा अधिक वर, आतल्या कडीच्या जवळ बसवते, हे तिच्या बाजूचे म्हणणे. दोहोंत डावी-उजवी कोणती, याचा निवाडा अद्याप झालेला नाही. शल्यचिकित्सकाचा हात ज्या पद्धतीवर बसला असेल ती तो करतो.

एकाच टाक्यावर शिरोडकरांचे आयुष्य तोलणे अन्यायाचे होईल. अंग बाहेर येण्याचा विकार आपल्याकडे कष्टकरी बायकांत पूर्वीपासून फार. मूल व्हायचे असलेल्या तरुण स्त्रियांतही तो आढळे आणि अशा वेळी पिशवी काढून टाकणे हा उपाय ठरत नसे. त्यांच्यासाठी शिरोडकरांनी पिशवीला मागून पट्टीचा आधार देऊन ती माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या हाडाशी बांधण्याची शस्त्रक्रिया रचली. तीही त्यांच्याच नावाने शिकवली जाते. बंद झालेल्या गर्भनलिका उघडण्याच्या शस्त्रक्रियांवरही त्यांनी काम केले. वंध्यत्वावर उपचार करणारा हा माणूस कुटुंबनियोजनाचाही पुरस्कर्ता होता. यात काहींना विसंगती वाटेल. स्त्रीला मूल हवे तेव्हा व्हावे आणि नको तेव्हा होऊ नये, या एकाच विचाराच्या त्या दोन बाजू असाव्यात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रातील आपल्या कामाचे पुस्तक त्यांनी १९६० मध्ये एडिंबरोच्या लिव्हिंग्स्टन या प्रकाशन संस्थेकडून प्रसिद्ध केले.

सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्याच वर्षी ७ मार्च रोजी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

टाक्याची खरी परीक्षा त्यांच्या पश्चात झाली. नामांकित डॉक्टरच्या हातचा उपाय म्हणून तो कित्येक ठिकाणी गरज नसतानाही घातला जाऊ लागला होता. मूल सुखरूप जन्मले की श्रेय टाक्याला. टाका नसता तरी ते जन्मले असते का, हे कोण सांगणार? ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि प्रसूतितज्ज्ञांचे रॉयल कॉलेज यांनी मिळून अनेक देशांतल्या १,२९२ स्त्रियांची पाहणी केली. टाका घालावा की नाही याबद्दल ज्यांच्या डॉक्टरांनाच खात्री नव्हती, अशा या स्त्रिया होत्या. १९९३ मध्ये अंतिम अहवाल आला. दर पंचवीस टाक्यांमागे तेहतीस आठवड्यांच्या आतील एक प्रसूती टळते, असा त्याचा हिशेब होता. सर्वांत स्पष्ट लाभ दिसला तो तीन किंवा अधिक वेळा गर्भ गमावलेल्या अथवा अपुऱ्या दिवसांत बाळंत झालेल्या स्त्रियांना. शिरोडकरांनी आरंभी ज्या निवडल्या होत्या, त्या याच जातीच्या.

आता टाक्याची जागा अधिक रेखीव झाली आहे. पूर्वी अकाली प्रसूती झालेल्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाची लांबी सोनोग्राफीत पंचवीस मिलिमीटरांपेक्षा कमी भरली, तर त्याचा विचार होतो. काहींना प्रोजेस्टेरॉनवर भागते. जुळी मुले असताना केवळ मुख आखूड दिसले म्हणून टाका घालणे हितावह ठरत नाही, असेही दिसून आले आहे. आणि मुख घट्ट असतानाही रक्तदाब, जंतुसंसर्ग, दोन बाळंतपणांतील कमी अंतर, आईचे कुपोषण अशा कारणांनी होणाऱ्या अकाली प्रसूतींना टाका काही करू शकत नाही. अशांची संख्याच मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये भारतात सुमारे तीस लाख बाळे सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मली. कोणत्याही देशापेक्षा हा आकडा अधिक आहे.

या बाळांसाठी गादीचा शोध अजून संपलेला नाही. पण पाण्याच्या गादीहून आज अधिक भर दिला जातो तो आईच्या छातीवर. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणून ती आता आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही आहे. तिथे ऊब आहे, आणि आईच्या श्वासाबरोबर होणारी ती हालचालही आहे, जी कॉर्नर यांनी यंत्राने आणू पाहिली होती.

पवईच्या त्या सुनेचा आधी दोनदा पाचव्या महिन्यात गर्भ गेला होता. तिसऱ्या खेपेस तिने सातव्या महिन्यात डोहाळजेवण करू दिले नाही. दिवस भरत आल्यावर पाहू, असे तिने सांगितले. छत्तिसावा आठवडा उलटल्यावर टाका काढण्यासाठी तिला बोलावण्यात आले. मॅकडोनाल्ड यांचा टाका बहुधा भूल न देताच काढता येतो. शिरोडकरांचा त्वचेखाली पुरलेला असल्याने तो शोधून कापावा लागतो आणि त्यासाठी पुन्हा भूल घ्यावी लागते. तिने ती घेतली. त्यानंतर दहाव्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या. मुलगी झाली, आणि तिला पेटीत ठेवावे लागले नाही.